सरावात जमतं ते सामन्यात का बिघडतं?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की साताऱ्यात पहाटे पाचलाच रस्ते जागे होतात. अजिंक्यताऱ्याच्या चढावर, चार भिंतीच्या वाटेवर, क्रीडा संकुलाच्या मैदानावर मुलं-मुली धावताना दिसतात. माण, खटाव, पाटण, जावळीतून आलेली ही पोरं शहरात चौघांत एक खोली घेऊन राहतात आणि वर्ष-दोन वर्षं एकाच गोष्टीमागे लागतात. सांगली, मिरज, इस्लामपूरकडेही हेच चित्र आहे. पन्नास गुणांच्या शारीरिक चाचणीत मुलांना सोळाशे मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण असतात. सरावात सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढणारा मुलगा प्रत्यक्ष चाचणीत त्याच पायांनी वीस-पंचवीस सेकंद जास्त घेतो, आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. मग पारावर एकच वाक्य ऐकू येतं : “पोरगं तयारीचं होतं, पण मनानं कच्चं निघालं.”

हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. त्यात सगळा दोष मुलाच्या स्वभावावर जातो आणि सुधारायचं काय, ते कुणालाच कळत नाही. दडपण येतं तेव्हा शरीरात आणि मेंदूत ठरावीक गोष्टी घडतात. शंभराहून अधिक वर्षं त्यांचा अभ्यास चालू आहे आणि त्यातलं बरंचसं आता नीट समजलेलं आहे. डाव शिकवता येतो, तसं दडपणाखाली खेळणंही बऱ्याच अंशी शिकवता येतं. आपल्याकडे ते शिकवलं जात नाही, एवढंच.

आधी शरीराचं पाहू. मेंदूच्या आत खोलवर अमिग्डाला नावाचा छोटा भाग असतो. धोका हेरून इशारा देणं हे त्याचं मुख्य काम. समोर जीवघेणा धोका आहे की शिट्टी आणि घड्याळ घेतलेला अधिकारी आहे, याची बारकाईनं शहानिशा करत बसायला त्याला वेळ नसतो. तो इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात आणि काही सेकंदांत शरीर लढायच्या तयारीत येतं. हृदय जोरात धडधडू लागतं. रक्त पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून पोटात गोळा येतो. लाळ कमी होते, म्हणून घसा कोरडा पडतो. कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. तळव्यांना घाम सुटतो आणि रांगेत उभ्या असलेल्या पोराला पुन्हा पुन्हा लघवीला जावंसं वाटतं. थोड्या वेळानं कॉर्टिसोल हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि ते जास्त वेळ टिकतं.

यातलं एकही लक्षण भित्रेपणाचं नाही. जिंकणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो. शरीर जादा इंधन पुरवत असतं. ते इंधन त्या खेळाला हवंय का, किती हवंय आणि खेळाडू ते कुठे वळवतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

सोळाशे मीटर म्हणजे चारशेच्या चार फेऱ्या. ५ मिनिटं १० सेकंदांत धावायचं तर प्रत्येक फेरी सरासरी साडेसत्याहत्तर सेकंदांत व्हायला हवी. चाचणीच्या सकाळी मुलगा शिट्टीबरोबर सुटतो. बरोबर बॅचमधले पंधरा-वीस जण, छातीवर क्रमांक, कडेला ओळखीचं कुणी नाही. अ‍ॅड्रिनलिनमुळे पाय हलके वाटतात, श्रम जाणवत नाहीत, आणि पहिली फेरी अडुसष्ट-सत्तर सेकंदांत होते. त्याला वाटतं, आज शरीर मस्त लागलंय. खरं तर तो स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळण्याच्या आधीच त्यांच्याकडून काम करून घेत असतो. स्नायूंमधली आम्लता वाढत जाते आणि तिसऱ्या फेरीत तिची वसुली सुरू होते. मांड्या जड होतात, श्वास उथळ होतो, मागचे पुढे जाऊ लागतात. आता दडपण खरोखरच वाढतं, आणि चौथी फेरी कशीबशी पूर्ण होते. पाहणाऱ्याला वाटतं, पोरगं शेवटी खचलं. चूक पहिल्या दोनशे मीटरमध्येच झालेली असते. भरतीची तयारी करणाऱ्या कुणी हा लेख वाचला, तर एवढी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी : चाचणीच्या दिवशी पहिली फेरी मुद्दाम ‘हळू’ वाटली पाहिजे, कारण त्या दिवशी वेगाचा अंदाज देणारी जाणीवच बदललेली असते.

गोळाफेकीत गोष्ट वेगळ्या वाटेनं बिघडते. हात सरळ करणारा स्नायू आकसतो तेव्हा हात वाकवणारा स्नायू सैल पडायला हवा. फार ताण आला की दोन्ही एकाच वेळी आवळतात. हात आपल्याच हाताशी झगडतो. दात आवळून, जीव तोडून फेकलेला गोळा सरावातल्या सहज फेकीपेक्षा अलीकडे पडतो, तो यामुळे.

ताण किती असला की कामगिरी सर्वांत चांगली होते, हा प्रश्न जुना आहे. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना दोन वाटांमधला फरक ओळखायचा होता. चुकले की विजेचा धक्का बसायचा. फरक सोपा होता तेव्हा जोरदार धक्क्यांनीही उंदीर पटकन शिकले. फरक ओळखणं कठीण केलं, तेव्हा मध्यम धक्के सर्वांत उपयोगी ठरले आणि जोराच्या धक्क्यांनी शिकणं मंदावलं. यावरूनच पुढे चढत जाऊन माथ्यावरून उतरणारा तो प्रसिद्ध आलेख तयार झाला : उत्तेजना कमी असली की खेळ सुस्त, वाढली की धारदार, फार वाढली की पुन्हा ढिसाळ. उंदरांवरून माणसाचा पूर्ण हिशेब मांडता येत नाही, आणि हा आलेख पुस्तकांत जरा जास्तच गुळगुळीत करून छापला जातो असं माझं मत आहे. पण त्यातली मुख्य गोष्ट मैदानावर रोज दिसते. जितकं काम नाजूक, तितका ताण कमी सोसतो. मातीत खडाखडी करणाऱ्या पैलवानाला पेटून उठलेलं शरीर चालतं. धनुर्धराला तेच शरीर घेऊन पन्नास मीटरवरच्या आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात बाण मारता येत नाही.

शिवाय माणसामाणसांत फरक असतोच. रशियन मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांनी अनेक खेळाडूंचा अभ्यास करून दाखवलं की प्रत्येकाचा आपला एक पट्टा असतो. कुणी शांत असताना उत्तम खेळतो, तर कुणाला बरीच बेचैनी लागते. म्हणून सामन्याआधी सगळ्या संघाला गोल करून एकाच सुरात ओरडणारे प्रशिक्षक निम्म्या मुलांना जागं करतात आणि उरलेल्यांना बिघडवतात.

आता बघ्यांकडे येऊ. आपल्याकडे कुस्ती गर्दीशिवाय होतच नाही. हलगी कडाडत असते, निवेदक पैलवानाच्या आजोबांपर्यंतचा इतिहास सांगत असतो, आणि कुंडलसारख्या मैदानात चारी बाजूंनी माणसांच्या भिंती उभ्या असतात. ही गर्दी खेळ उंचावते की खाली आणते? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये याचं मोठं सुरेख उत्तर दिलं. कुणी पाहत असलं की माणूस त्याच्या अंगात जे सर्वांत जास्त मुरलेलं असतं तेच करतो. बरोबर गोष्ट मुरलेली असेल तर गर्दीत खेळ सुधारतो. चुकीची सवय मुरलेली असेल तर तीच उसळून वर येते. १९८२ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी हे पूल या टेबलावरच्या खेळात तपासलं. आधी लांबून गुपचूप पाहिलं, मग जवळ जाऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे अचूक फटके १०० मधले ७१ होते ते ८० झाले. कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर आले. तेच प्रेक्षक आणि तेच टेबल, तरी परिणाम उलटे.

याचा सरळ अर्थ असा की नवा डाव मोठ्या मैदानात पहिल्यांदा काढू नये. महिनाभरापूर्वी शिकलेली ढाक तालमीत दहापैकी सात वेळा लागत असेल, तर हजार माणसांसमोर ती सातदा लागेल असं धरून चालू नये. तिथे हात-पाय जुन्या, पहिल्या सवयीकडे धाव घेतात.

मग जाणत्यांचं, वर्षानुवर्षं खेळलेल्यांचं काय? त्यांच्या अंगात तर बरोबर गोष्टच मुरलेली असते. तरी तेही नेमक्या क्षणी कोसळतात. हा या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

शिकताना आपण प्रत्येक हालचालीकडे लक्ष देतो. पुढे तीच हालचाल मेंदूच्या वेगळ्या यंत्रणेकडे सोपवली जाते आणि लक्ष मोकळं होतं. तीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला मध्येच थांबवून विचारा, परात फिरवताना करंगळी नेमकी कुठे असते? ती विचार करून सांगायला जाईल आणि भाकरी फाटेल. दडपणाखाली मुरलेला खेळाडू हेच स्वतःवर ओढवून घेतो. आज काहीही चुकता कामा नये, म्हणून तो कोपर, मनगट, पाऊल यांच्यावर पहारा बसवतो. एका सलग, वाहत्या हालचालीचे सुटे तुकडे पडतात.

सायन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे फार छान दाखवलं. फुटबॉल खेळाडूंना खांबांमधून चेंडू नेताना एक काम दिलं : आवाज आला की चेंडूला पायाचा कुठला भाग लागला ते सांगायचं. अनुभवी खेळाडू यात मंदावले. नवशिक्यांना मात्र पायाकडे लक्ष दिल्याचा फायदाच झाला. आणि अनुभवी खेळाडूंना त्यांच्या कमजोर पायानं चेंडू न्यायला सांगितल्यावर, तिथे तेही नवशिक्यांसारखे वागले. लक्ष दिल्यानं त्यांचाही खेळ सुधारला. म्हणजे “लक्ष देऊन खेळ” हा सल्ला बारा वर्षांच्या मुलाला उपयोगी आहे आणि राज्य पातळीवरच्या मुलीला नेमका नडणारा आहे. आपण तो दोघांनाही सारख्याच उत्साहानं देतो.

रिचर्ड मास्टर्स यांनी त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, गोल्फवर एक प्रयोग केला होता. एका गटाला चेंडू मारण्याच्या सूचना तपशिलात शिकवल्या. दुसऱ्या गटाला सूचना न देता, मन दुसऱ्याच कामात गुंतवून नुसता सराव करायला लावलं. नंतर दोघांवर दडपण आणलं, तेव्हा सूचना पाठ असलेल्यांची प्रगती अडली आणि सूचना नसलेले पुढे सरकत राहिले. पहाऱ्यावर बसवायला त्यांच्याकडे नियमच नव्हते. तालमीतले जुने वस्ताद फार बोलत नसत. धरून दाखवत, पुन्हा पुन्हा जोर-बैठका आणि लढती करून घेत. त्या पद्धतीत काही उणिवा होत्याच, पण या बाबतीत तिच्यात शहाणपण होतं असं मला वाटतं.

दडपण दुसऱ्याही एका रस्त्यानं घात करतं. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या तीस सेकंदांत त्याला समोर किती जण आहेत ते पाहायचं असतं. सहा किंवा जास्त असतील तरच बोनस मिळतो. कोपऱ्यातला पकडीला पुढे येतोय का, मधला साखळी धरतोय का, वेळ किती उरली, हे सगळं एकदम मनात धरायचं असतं. मनाची ही तात्पुरती पाटी मुळातच लहान. तिच्यावर “हरलो तर काय म्हणतील” हे वाक्य येऊन बसलं की दुसऱ्या गोष्टींना जागा उरत नाही. इथे हालचाल बिघडत नाही, निर्णय बिघडतो. ज्या खेळात क्षणाक्षणाला निवड करायची असते तिथे हा धोका मोठा. जिथे एकच हालचाल अचूक करायची असते तिथे स्वतःवरच्या पहाऱ्याचा धोका मोठा. प्रशिक्षकानं मुलाचं यातलं कोणतं होतंय ते आधी ओळखावं, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

दडपण येतं तरी कुठून? आपल्या भागात ते खेळाहून मोठं असतं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे अनेक घरांत मुलीचं पदक म्हणजे नोकरीची आशा असते, आणि त्या नोकरीवर धाकट्या भावाचं शिक्षण आणि घराचं कर्ज टांगलेलं असतं. खाशाबा जाधवांचंच पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेता ठरला. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. हे ओझं डोक्यावर घेऊन खाशाबा मॅटवर उतरले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे : मातीत वाढलेल्या खाशाबांना लंडनमध्ये मॅट नवी होती, हेलसिंकीत ती नवी राहिली नव्हती. दडपणाचा मोठा वाटा अनोळखीपणाचा असतो, आणि तो वाटा सरावानं कमी करता येतो.

ओझं किती आहे यापेक्षा ते कसं मांडलं जातं, यानंही फरक पडतो. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेत यांनी फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांमधल्या पेनल्टी तपासल्या. गोल झाला की सामना जिंकला, अशा वेळी खेळाडू १०० पैकी सुमारे ९२ वेळा गोल करतात. चुकलं की सामना हरला, अशा वेळी हा आकडा सुमारे ६० वर येतो. अंतर, चेंडू, गोलपोस्ट सगळं तेच. मिळवायला जाणारा माणूस आणि गमावू नये म्हणून जाणारा माणूस यांचे पाय वेगळे चालतात. घरातून निघताना “यंदा झालं नाही तर संपलं” असं ऐकून आलेला मुलगा कुठल्या गटात जातो, हे वेगळं सांगायला नको.

इथे थोडं थांबून एक सावधगिरीचं बोलायला हवं. हे सगळं वाचल्यावर प्रत्येक पराभवात दडपण दिसू लागतं, आणि तेही चुकीचंच आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद धावली. तो राष्ट्रीय विक्रम होता. दोन दिवसांनी अंतिम फेरीत तिला ९ मिनिटं २२.७४ सेकंद लागले आणि ती दहावी आली. तीन सेकंद जास्त लागले म्हणून “फायनलचं टेन्शन आलं” असं म्हणणं सोपं आहे. पण एवढ्या मोठ्या शर्यतीनंतर दोन दिवसांत पुन्हा धावणं, अंतिम फेरीतला वेगळा वेग, थकलेले स्नायू, अशी पुरेशी कारणं समोर असतात. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणाऱ्या मुलीबद्दल आपण बोलतोय, हेही विसरू नये. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याचं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण एका किलोनं हुकलं. त्यानं एकूण २४८ किलो उचलले, मलेशियाच्या स्पर्धकानं २४९. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उतरला. याला मनाचा कच्चेपणा म्हणणार का? दुखापत, थकवा, झोप, आहार, प्रतिस्पर्ध्याची ताकद ही कारणं आधी तपासावीत. मनाचा नंबर त्यानंतर.

मग उपाय काय? सर्वांत खात्रीचा उपाय कंटाळवाणा वाटेल इतका साधा आहे : दडपणातच सराव करणं. नेदरलँड्समध्ये रौल आउडेयान्स आणि सहकाऱ्यांनी काही जणांना चढाईच्या भिंतीवर उंच लटकून डार्ट मारायचा सराव दिला, तर काहींना जमिनीलगत. नंतर सगळ्यांनाच उंचावर नेलं. जमिनीलगत सराव केलेल्यांचा नेम बिघडला. आधी थोडी भीती अनुभवलेल्यांचा टिकला. पोलिसांच्या गोळीबार प्रशिक्षणातही त्यांनी असंच केलं. समोरचा माणूस रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडतोय अशा स्थितीत सराव केलेल्या पोलिसांचा नेम दडपणात शाबूत राहिला. फार मोठी भीती घालावी लागत नाही. सौम्य भीतीचा सरावही मोठ्या दडपणात कामी येतो, ही यातली आशेची गोष्ट.

आपल्या यात्रांमध्ये ही शाळा पूर्वीपासून भरते. मोठ्या जोडी लागण्याआधी दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. आठ-दहा वर्षांचं पोर गर्दीसमोर, हलगीच्या आवाजात लढतं. जिंकलं तरी रेवड्या, हरलं तर गमावण्यासारखं काही नाही. गर्दी पूर्ण खरी असते आणि जोखीम जवळपास शून्य. अशी दहा मैदानं पाहिलेल्या पोराला पुढे हजारो डोळ्यांचं नवल उरत नाही. हे ज्यांनी कुणी सुरू केलं त्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी खर्च कमी करताना सर्वांत आधी या कुस्त्या बंद करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

धावणाऱ्यांना हे सहज करता येईल. पंधरवड्यातून एकदा पूर्ण चाचणी चाचणीसारखीच घ्यावी. अनोळखी मैदान, शिट्टी मारणारा परका माणूस, छातीवर क्रमांक, तासभर रांगेत उभं राहणं, एकच संधी. साताऱ्याच्या मुलांनी कधी सांगलीला जाऊन धावावं, सांगलीच्या मुलांनी इकडे यावं. एसटीच्या भाड्याइतक्या खर्चात यातून जे मिळतं, ते आणखी पन्नास फेऱ्या मारून मिळत नाही. नेमबाज अभिनव बिंद्रा २००४ ला अथेन्समध्ये अंतिम फेरीत सातवा आला होता. बीजिंगच्या आधी तो जर्मनीत चाळीस फुटी खांबावर चढला. वर गेल्यावर पाय थरथरत असताना पुढे कसं जायचं, ते त्याला अनुभवायचं होतं. २००८ च्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते. बिंद्रानं १०.८ मारला. हाक्किनेनचा ९.७ गेला आणि तो तिसऱ्या क्रमांकावर घसरला.

छोट्या साधनांमध्ये श्वास पहिला. श्वास सोडताना हृदयाचे ठोके नैसर्गिकपणे थोडे मंदावतात. म्हणून चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा-सात मोजत सोडायचा, असं दोन-तीन मिनिटं केलं की धडधड खाली येते. हे चाचणीच्या सकाळी पहिल्यांदा करून उपयोग नाही. रोजच्या सरावात बसवावं लागतं. दुसरं, शरीराच्या खुणांना दिलेलं नाव. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात भाषण करण्याआधी “मी शांत आहे” म्हणणाऱ्यांपेक्षा “मला उत्साह वाटतोय” म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणाऱ्या छातीला शांत म्हणणं खोटं वाटतं. उत्साह म्हणणं पटतं, कारण भीतीत आणि उत्साहात छाती सारखीच धडधडते. भरतीच्या रांगेत गार पडलेल्या हातांकडे पाहून “शरीर तयार होतंय” असं मुलगा स्वतःला सांगू शकतो, आणि ते खरंही आहे.

तिसरं साधन नजरेचं. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवलं की निष्णात खेळाडू कृतीच्या अगदी आधी नजर लक्ष्यावर जास्त वेळ स्थिर ठेवतात. चिंता वाढली की हीच स्थिर नजर तुटते, भिरभिरते. यावर ठरलेला क्रम उपयोगी पडतो : तीच पावलं, तोच श्वास, तीच नजर, प्रत्येक वेळी. मन भरकटायला मोकळी जागा मिळत नाही आणि स्वतःच्या कोपराकडे पाहायला वेळ उरत नाही.

साताऱ्याची आदिती स्वामी ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा सतरा वर्षांची होती. कंपाउंड (चाकं लावलेल्या धनुष्याच्या) प्रकाराच्या अंतिम लढतीत पंधरा बाण मारायचे असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा गुण. एकानं मारायचा, मग दुसऱ्यानं. बाणामागे वीस सेकंद. आदितीनं मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. पंधरापैकी चौदा बाण आठ सेंटिमीटरच्या आत आणि एकच बाहेर. त्याच दिवशी नागपूरच्या, पण साताऱ्यातच सराव करणाऱ्या ओजस देवतळेनं पुरुषांच्या अंतिम लढतीत पूर्ण १५० मारले. अशा खेळात दर वीस सेकंदांनी दडपण नव्यानं सुरू होतं आणि मागचा बाण विसरून पुढचा तसाच मारावा लागतो. एकाच शहरात शिकणारी दोन मुलं एकाच दिवशी हे करतात तेव्हा उपजत धीर एवढंच उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तिथे शिकवण्याची काही पद्धत आहे, आणि इतर खेळांच्या प्रशिक्षकांनी ती जवळून पाहावी.

आई-वडिलांसाठी एक गोष्ट. कडेला उभं राहून आपण बहुतेक “करू नको” असं ओरडतो : घाई करू नको, फाऊल करू नको, लाइन तुडवू नको. डॅनियल वेग्नर यांच्या १९९८ च्या गोल्फच्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, चेंडू खळग्याच्या पुढे जाऊ देऊ नका. मन मोकळं असताना जमलं. पण त्याच वेळी डोक्यात एक आकडा धरून ठेवायला लावल्यावर चेंडू नेमके पुढे जाऊ लागले. जे टाळायचं ते मनाला आधी आठवावं लागतं, आणि दडपणात आठवलेलं तेच हातून घडतं. त्यामुळे “लाइन तुडवू नको” ऐवजी “फळीच्या आधी उडी”, “घाई करू नको” ऐवजी “पहिली फेरी सत्याहत्तर” असं सांगावं. काही न सांगता पाण्याची बाटली धरून उभे राहिलात तरी चालेल. आणि हरल्यानंतर परतीच्या गाडीत चुकांचा पाढा वाचू नये. मुलगी दोन दिवसांनी आपणहून बोलते, तेव्हा ऐकावं.

काही वेळा गोष्ट सामन्याच्या धडधडीपलीकडे गेलेली असते. आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, मैदानावर जाण्याच्या विचारानंच उलटी होते, किंवा मुलगा जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागतो. हे श्वास मोजून सुटणारं नाही. सिमोन बाइल्ससारख्या जिम्नॅस्टला टोकियोत हवेत असताना स्वतःचं शरीर कुठे आहे हेच कळेनासं झालं, तेव्हा तिनं सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली, उपचार घेतले, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. मराठीत बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत. अकादम्यांच्या फलकावर वेळापत्रकाशेजारी हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला हवा.